बाहेरची गादी

शिंगणापूरला माझ्या तपासणीच्या खोलीला दार नाही. चौकट आहे, तिला पडदा आहे आणि कुत्रं आत शिरू नये म्हणून खाली एक आडवी फळी टेकवलेली असते. घोडेगावला हायवे सोडून आत वळलं की रसवंत्यांची रांग लागते, लाकडी चरकाभोवती बैल फिरत असतात, आणि त्या रांगेच्या शेवटी आमचं गाव. इथल्या घरांना दारं नसतात, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. २०११ साली युको बँकेनं इथं कुलपाविना शाखा काढली तेव्हा ती बातमी देशभर गेली. मी याच गावात वाढलो, त्यामुळे मला त्याचं कधी नवल वाटलं नाही. डॉक्टर होऊन इथं बसायला लागल्यावर मात्र एक गोष्ट जाणवली. दार नसलेल्या खोलीत बोललेलं बाहेरच्या बाकावर ऐकू जातं.

मी हाडांचा डॉक्टर. शस्त्रक्रिया नगरला करतो. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण आमच्या तोंडी बसलेलं नगर सहजासहजी सुटत नाही. महिन्यातले दोन गुरुवार मी गावी बसतो. शनिवारी आणि अमावस्येच्या आगेमागे बसत नाही, कारण शनिदर्शनाच्या त्या गर्दीत लंगडणाऱ्या माणसाला माझ्यापर्यंत पोचताच येत नाही. येतात ते बहुतेक गुडघेच. उसाच्या सरीत आयुष्य गेलेल्या बायकांचे झिजलेले गुडघे, मोटारसायकलवरून पडलेल्यांचे सुजलेले गुडघे. आणि दर महिन्याला दोन-तीन तरुण पोरं, कबड्डी किंवा कुस्ती खेळणारी. त्यांचं दुखणं ऐकायला पहिल्या वाक्यापुढं जावं लागत नाही. ‘डॉक्टर, गुडघा सटकतो.’

सटकणारा गुडघा म्हणजे शंभरात बऱ्याच वेळा आतली दोरी तुटलेली. गुडघ्याच्या बरोबर मध्यभागी, मांडीच्या हाडापासून नडगीच्या हाडापर्यंत तिरकी गेलेली ही दोरी नडगीला पुढं सरकू देत नाही आणि पाय वळताना गुडघ्याला धरून ठेवते. कागदावर आम्ही तिला एसीएल लिहितो. चढाईला गेलेल्या पोराचा घोटा धरला जातो, पाय जमिनीत रुततो, धड वळतं आणि आतून ‘कट्ट’ असा आवाज येतो. बाजूचा खेळाडूही कधी कधी तो ऐकतो. दोन-चार तासांत गुडघा टम्म होतो.

या दोरीच्या दोन्ही बाजूंना दोन गाद्या असतात. चंद्रकोरीच्या आकाराच्या, रबरासारख्या चिवट, कडेला जाड आणि आत पातळ होत गेलेल्या. त्यांना मेनिस्कस म्हणतात. आतल्या अंगाला एक, बाहेरच्या अंगाला एक. पाय सरळ असताना गुडघ्यावरचा जवळपास निम्मा भार या गाद्या उचलतात आणि गुडघा वाकला की त्याहून बराच जास्त. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर जॉन ब्लँड-सटन यांच्यासारखा नामवंत शल्यविशारद त्यांना पायाच्या स्नायूंचे निरुपयोगी अवशेष समजत होता. पुढं कित्येक दशकं फाटलेली गादी सरसकट कापून टाकली जायची. १९४८ मध्ये फेअरबँक यांनी गादी काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे मांडले आणि ते गुडघे कसे झिजत जातात हे दाखवलं. तेव्हा हळूहळू लक्षात आलं की आपण काय फेकून देत होतो. मला जास्त हळहळ वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. एडिंबराच्या थॉमस अनंडेल यांनी १८८३ मध्येच गादीला टाका घालून ती वाचवली होती. रस्ता सापडलेला होता, आणि तरी जग जवळपास शंभर वर्षं दुसऱ्याच वाटेनं चाललं.

गादी भार कसा उचलते, हे पेशंटला सांगताना मी बैलगाडीचं चाक सांगतो. लाकडी चाकावर लोहार तापवून लोखंडी धाव चढवतो. ती थंड होताना आवळते आणि साऱ्या पाट्या, आरे एकत्र धरून ठेवते. गाडीवर कितीही ओझं टाका, चाक फाकत नाही, कारण धाव त्याला फाकू देत नाही. ती धाव एका जागी कापली तर? बाकीची धाव शाबूत असून उपयोग शून्य. गादीची दोन्ही टोकं नडगीच्या हाडात घट्ट रुजलेली असतात, त्यांना आम्ही मुळं म्हणतो. मूळ सुटलं की भार आल्यावर गादी बाजूला सरकते. ती जागेवर दिसते, पण कामाची राहत नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो.

गावाजवळच्याच वस्तीवरचा एक बावीस वर्षांचा पोरगा, उजव्या बाजूनं चढाई करणारा. वडील ऊस लावतात, ऊस सोनईच्या कारखान्याला जातो. गुडघा सुजल्यावर त्यांनी आधी चोळून घेतलं, पट्टा बांधला, सूज उतरली तशी पोरानं पुन्हा मैदान धरलं. आठ महिने असा निसटता गुडघा घेऊन तो खेळला. दोरी तुटलेल्या गुडघ्यात दर वेळी पाय सटकतो तेव्हा आतल्या गादीची मागची कड चिरडली जाते. जितका उशीर, तितकी ती फाटण्याची शक्यता जास्त. त्याच्या एमआरआयमध्ये हेच दिसलं. दोरी पूर्ण तुटलेली, आतली गादी मागून फाटलेली, बाहेरची गादी चांगली. अहवालात तसं स्पष्ट लिहिलं होतं. पोराचा एकच प्रश्न होता, परत खेळता येईल का. कुस्तीपटू विनेश फोगाटचं नाव त्यानंच काढलं. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या गुडघ्यावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली होती आणि एका वर्षाच्या आत ती पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोचली होती. मी म्हणालो, खेळता येतं, पण नऊ महिन्यांच्या आत मैदानाचं नाव काढायचं नाही. संमतीपत्रावर सही झाली. त्यावर रक्तस्राव, जंतुसंसर्ग, रक्ताची गुठळी, भुलीचे धोके, सगळं छापलेलं होतं. चांगल्या गादीला इजा होऊ शकते, हे त्यात नव्हतं. मीही तोंडी सांगितलं नाही. खरं तर तोवर ते मी कुणालाच सांगत नव्हतो.

नवी दोरी पेशंटच्याच मांडीमागच्या दोन स्नायूंच्या कंडऱ्यांची करतात. त्या काढून, दुमडून, शिवून साडेआठ-नऊ मिलिमीटर जाडीची दोरी बनते. ती बसवायला मांडीच्या आणि नडगीच्या हाडात बोगदे पाडावे लागतात. हे सारं दुर्बिणीतून, पडद्यावर बघत, पाण्यात. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दोन छोटी छिद्रं असतात, एकातून दुर्बीण आणि दुसऱ्यातून हत्यार. गादीला पहिला धोका इथंच असतो. आतल्या बाजूचं छिद्र पाडताना पातं खालच्या अंगाला गेलं तर आतल्या गादीचा पुढचा काठ कापला जातो. शिकत असताना आमचे सर पातं हातात देण्याआधी सुई घालून जागा बघायला लावायचे आणि दर वेळी तेच दोन शब्द उच्चारायचे, ‘धार वर.’ वीस वर्षं झाली. आजही पातं उचललं की माझ्या ओठांवर ते येतं.

दुसरा धोका नडगीच्या बोगद्याचा. जुन्या दोरीची जी जागा असते, तिथंच बोगदा निघायला हवा, नाहीतर नवी दोरी घासून तुटते. आणि त्या जागेला अगदी लागूनच बाहेरच्या गादीचं पुढचं मूळ आहे. लागून म्हणणंही पुरेसं नाही. मुळाचे तंतू दोरीच्या तंतूंखाली शिरलेले असतात, दोन शेतांचा बांध नांगरता नांगरता नाहीसा व्हावा तसे ते एकमेकांत मिसळलेले असतात. आम्ही बोगद्याची जागा ठरवताना खूण म्हणून याच गादीचा काठ बघतो. म्हणजे जिच्या आधारानं नेम धरायचा, तिलाच लागण्याची भीती. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या व्हेल इथल्या संशोधकांनी मृतदेहांच्या गुडघ्यांवर हे तपासलं. बोगदा योग्य जागी पाडला तरी या मुळाची पकड आणि ताकद दोन्ही घटतात, असं त्यांना आढळलं. २०१५ मध्ये ते छापून आलं. मी ते वाचलं होतं. वाचलेलं आणि हातात उतरलेलं यांत किती अंतर असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

पोराचा बांधा दणकट, कंडऱ्या जाड, दोरी नऊ मिलिमीटरची झाली. बोगद्याची दिशा ठरवणारी गाइड वायर घातली. ती मला हवी त्यापेक्षा किंचित पुढं आणि बाहेरच्या अंगाला आली आहे, असं मनात आलं. किंचित, तांदळाच्या दाण्याएवढं. वायर काढून पुन्हा घालायला दोन मिनिटं लागली असती. मी घातली नाही. रक्त थांबवण्यासाठी पायाला बांधलेल्या पट्ट्याची वेळ चालू होती, आतल्या गादीचा फाटका तुकडा कापून उरलेली कड नीट करण्यात बराच वेळ गेला होता, आणि जागा चुकीची नव्हती, पुस्तकानुसार बरोबरच होती. ही सगळी कारणं खरी आहेत. त्यांतलं एकही पुरेसं नाही. बोगदा पाडणाऱ्या रीमरचं तोंड हाडातून वर आलं आणि त्याबरोबर पांढरे तंतू फिरताना पडद्यावर दिसले. दोरीच्या जुन्या बुंध्याचे तंतू पिवळसर, विस्कटलेले असतात. हे पांढरे होते, चकचकीत. मी थांबलो. हूकनं बाहेरच्या गादीचं पुढचं टोक उचलून पाहिलं. ते उचललं गेलं. सकाळी ते हाडाला घट्ट चिकटलेलं होतं, हे मी याच हूकनं तपासलं होतं.

थिएटरमध्ये कुणी काही बोललं नाही. भूलतज्ज्ञ बाईंनी विचारलं, ‘काही अडचण?’ मी म्हणालो, अर्धा तास जास्त लागेल. गादीच्या टोकातून दोन धागे ओवले, त्याच बोगद्यातून खाली ओढले आणि नवी दोरी बसवताना ताणून बांधले. टोक पुन्हा जागेवर बसलं. हूकनं ओढून पाहिलं, धरून होतं. तांत्रिकदृष्ट्या काम समाधानकारक झालं.

बाहेर वडील उभे होते, टोपी हातात घेऊन. मी सांगितलं, ‘ऑपरेशन चांगलं झालंय. गादीला टाका घातलाय, त्यामुळे दीड महिना पाय टेकवायचा नाही, नव्वद अंशांच्या पुढं वाकवायचा नाही.’ सगळं खरं होतं. त्यातलं एक वाक्य मी गाळलं होतं. डिस्चार्ज कार्डावर छापील मजकूर आला, दोरी बसवली, आतली गादी अंशतः काढली, बाहेरच्या गादीला टाका घातला. त्यावर मी सही केली.

बाराव्या दिवशी, गुरुवारी, ते टाके काढायला शिंगणापूरला आले. बाहेर बाकावर सात-आठ माणसं. पोरगा टेबलावर, वडील उभे. टाके निघाले, जखम कोरडी होती. वडिलांनी पिशवीतून एमआरआयचा अहवाल आणि डिस्चार्ज कार्ड काढलं, दोन्ही एकमेकांशेजारी ठेवले.

‘डॉक्टर, भाची नर्सिंगला हाय. तिनं वाचून दाखवलं. ह्यात लिहिलंय बाहेरची गादी चांगली हाय. मंग तिला टाका कशापायी घातला?’

पडदा हलत होता. बाहेरचं बोलणं थांबलं होतं, किंवा मला तसं वाटलं. मला दोन-तीन उत्तरं सुचली. एमआरआयमध्ये कधी कधी दिसत नाही. आत गेल्यावर कळतं. दोन्ही वाक्यं डॉक्टरांच्या तोंडी नेहमीची आहेत, आणि पुष्कळदा खरीही असतात. त्या दिवशी ती खोटी ठरली असती.

मी म्हणालो, ‘दोरीसाठी भोक पाडताना माझ्या ड्रिलनं तिचं मूळ दुखावलं. तिथंच टाका घालून बसवलंय.’

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘हे त्या दिवशी का नाय सांगितलं?’

‘सांगायला पाहिजे होतं, अण्णा.’

‘पाय चालंल का त्याचा?’

‘चालेल. सांभाळलं तर चालेल.’

त्यांनी कार्ड माझ्यासमोर सरकवलं. ‘मंग ह्याच्यावर लिहून द्या.’

माझा हात थबकला, हे कबूल करतो. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, तेव्हापासून आमच्या व्यवसायात एक भीती मुरली आहे. बैठकांमध्ये ज्येष्ठ मंडळी नव्यांना बजावतात, तोंडी सांभाळून घ्या, कागदावर कमीत कमी. मला वाटलं, हे आता वकिलाकडे जाणार. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं, कारण त्यांनी स्वतःच खुलासा केला. ‘कोर्टात जायला नाय मागत. उद्या तुम्ही नसलात, आन् पोराचा गुडघा दुखायला लागला, तर दुसऱ्या डॉक्टरला म्या काय सांगू?’

मी लिहून दिलं. मराठीत, हातानं, तारीख घालून. ‘नडगीचा बोगदा पाडताना बाहेरच्या गादीच्या पुढच्या मुळाला इजा झाली. त्याच वेळी टाक्यांनी दुरुस्त केली.’ खाली सही. त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं, मुलाकडून एकदा, माझ्याकडून एकदा.

पुढचे महिने सोपे नव्हते. आपल्याकडं गादीला टाका म्हणजे साऱ्या घराची रीत बदलणं. मांडी नाही, उकिडवं नाही, पंगतीत बसणं नाही. वडिलांनी संडासात खुर्ची बसवून घेतली. गादीला रक्तपुरवठा फक्त बाहेरच्या काठाला असतो, आर्नोक्झी आणि वॉरन यांनी १९८२ मध्ये तो दाखवून दिला. मुळाला मात्र हाडाचा आधार असल्यानं ते जुळण्याची आशा बरी असते. तरी जुळायला वेळ लागतो आणि त्या वेळात पेशंटचा धीर सुटतो. दीड महिना कुबड्या, मग हळूहळू पाय टेकवणं, मांडीचा स्नायू पुन्हा भरून आणणं. चौथ्या महिन्यात तो मला न विचारता शेताच्या बांधावर उकिडवा बसला आणि घाबरून धावत आला, म्हणजे चालतच आला. सुदैवानं काही झालं नव्हतं. मी त्याला रागावलो नाही. रागावण्याचा माझा अधिकार त्या गुरुवारी कमी झाला होता, असं मला वाटायचं, आणि ते बरोबर होतं.

माझ्या कामात त्यानंतर चार गोष्टी बदलल्या. वायर मनाला पटली नाही तर काढायचीच, वेळ कितीही झालेली असो. रीमर आधी लहान, मग मोठा, आणि तो वर येत असताना हूकनं बाहेरच्या गादीचं टोक बाजूला धरायचं, नजर तिच्यावर ठेवायची. शेवटी दोन्ही गाद्यांची चारही मुळं पुन्हा तपासायची आणि त्यांचे फोटो काढायचे. संमतीपत्रावर एक ओळ वाढवली आहे, ती मी मोठ्यानं वाचून दाखवतो. ती ऐकून आजवर एकाही पेशंटनं शस्त्रक्रिया नाकारलेली नाही. दोघांनी मला चाकाची आणि धावेची गोष्ट परत सांगायला लावली.

तरुण सहकाऱ्यांशी हे बोललो तेव्हा काहींनी विचारलं, टाका घालून दुरुस्त केलंच होतं, पेशंटला त्रास नव्हता, मग सांगायची गरज काय? मला हा प्रश्न अजून कळत नाही. गुडघा त्याचा आहे. तो पन्नाशीला आल्यावर बाहेरच्या बाजूनं दुखायला लागला, तर त्या दिवसाच्या डॉक्टरला हे माहीत असणं हा उपचाराचा भाग आहे. अण्णांनी जे एका वाक्यात मला विचारलं, ते आमच्या शिक्षणात कुणी इतकं सरळ मांडलं नव्हतं.

नऊ महिने झाल्यावर त्याच्या चाचण्या घेतल्या. एका पायावर उडी, दोन्ही मांड्यांची ताकद, वळून पळणं. दोरी घट्ट आहे. बाहेरच्या बाजूला दाबलं तर दुखत नाही. कबड्डी त्यानं अजून सुरू केलेली नाही, पोरांना शिकवतो. मांडी घालून बसतो, पण फार वेळ नाही.

तुमच्या घरात कुणाची गुडघ्याची दोरी बसवली असेल, तर आजच डिस्चार्ज कार्ड काढून बघा. दोन्ही गाद्यांचं काय झालं, काय कापलं, कशाला टाका घातला आणि का, हे त्यात लिहिलेलं नसेल तर डॉक्टरांकडे जाऊन मागा. शस्त्रक्रियेतले फोटो किंवा चित्रफीत असेल तर तीही मागा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे भरती पेशंटची कागदपत्रं डॉक्टरांनी ३ वर्षं जपायची असतात आणि पेशंटनं मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असतात. मागायला संकोच करू नका.